मतदानानं ठरलेला पैलवान

कोल्हापुरात 'सगळ्यात भारी कोण?' असं विचारलं की आधी 'तू कुठल्या पेठेचा?' असा उलटा प्रश्न येतो. विचारणाऱ्याचा पत्ता कळल्याशिवाय उत्तर देणं इथं धोक्याचं असतं. मिसळ कुणाची, तांबडा रस्सा कुणाचा, गणपतीची मिरवणूक कुणाची, फुटबॉलला पाटाकडील की दिलबहार, विश्वचषकाला ब्राझील की अर्जेंटिना, यातल्या कशावरच मत नसलेला माणूस या शहरात दिसला तर तो अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा पाहुणा असतो, नाहीतर त्याच्या तोंडात घास असतो. 'जगात भारी' ही पदवी तर आम्ही स्वतःच स्वतःला देऊन टाकली आहे. अर्ज नाही, निवड समिती नाही, मुदतही नाही.

अशा गावात माझ्या पुतण्यानं बास्केटबॉल आणलं. खेळायला नव्हे, बघायला. खेळायचं तर कोर्ट शोधावं लागतं, आणि कोर्ट सापडलं तरी त्याच्या एका खांबाला मांडवाचा दोर असतो नि दुसऱ्याला कुणाचा तरी 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'चा फलक. बघायला मात्र मोबाइल पुरतो. अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटेपासून सुरू होतात. तालमीत मेहनतीची वेळ आणि एनबीएच्या सामन्याची वेळ जवळजवळ एकच. त्यामुळं आमच्या बोळात सूर्योदयाआधी उठणारी माणसं दोनच: एक हा पुतण्या आणि दुसरे शेजारचे वस्ताद. तालीम उरकून वस्ताद आमच्याकडे चहाला टेकतात. वय झालं, कान फुटून त्यांची भजी झालेली, पण कुणाच्या मांडीत किती ताकद आहे हे अजून चालीवरून सांगतात. पुतण्याच्या मोबाइलमधली सात फुटी माणसं त्यांना पहिल्यापासून नापसंत. "एवढा उच्चा माणूस," ते म्हणतात, "खाली घ्यायला लई सोपा."

२०२५ च्या मे महिन्यात एका सकाळी पुतण्या ओरडत बाहेर आला, "काका, ठरलं! यंदाचा एमव्हीपी शे गिलजस-अलेक्झांडर!"

"कुणाला पाडलं?" वस्तादांनी विचारलं.

"पाडलं नाही वस्ताद, निवडून आला. मतदान असतं."

वस्तादांनी बशी खाली ठेवली. "मतदान? आन् पैलवान?"

तिथून पुढं जे झालं त्यात माझा वाटा दुभाष्याचा होता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायचा.

तर ही एमव्हीपी भानगड अशी. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगमध्ये दर मोसमाला एका खेळाडूला 'यंदाचा सर्वांत मोलाचा' म्हणून गौरवतात. १९५५-५६ च्या मोसमात हे सुरू झालं, पहिला मान बॉब पेटिट यांचा. सगळ्यात जास्त वेळा, म्हणजे सहादा, करीम अब्दुल-जब्बार. पुरस्काराला कित्येक वर्षं मॉरिस पोडोलॉफ यांचं नाव होतं. ते लीगचे पहिले प्रमुख. पेशानं वकील, उंचीनं पाच फुटांच्या आसपास. सात-सात फुटी माणसं आयुष्यभर या गृहस्थांच्या नावाचा करंडक मिळावा म्हणून घाम गाळत राहिली, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गोड वाटतं. २०२२-२३ पासून मात्र करंडकाला मायकेल जॉर्डनचं नाव दिलं. आपल्याकडे चौकाचं नाव बदलायचं म्हटलं तरी दोन मोर्चे आणि एक बंद ठरलेला. त्यांनी पोडोलॉफ यांचं रीतसर पुनर्वसन केलं: मोसमात सर्वाधिक सामने जिंकणाऱ्या संघाच्या करंडकाला त्यांचं नाव दिलं. प्रकल्पग्रस्ताला पर्यायी जागा इतक्या झटपट मिळालेली मी तरी पाहिली नाही.

नव्या करंडकाची उंची २३.६ इंच. वजन २३.६ पौंड. का? तर जॉर्डनच्या बनियनवरचा आकडा २३ आणि त्यानं जिंकलेली विजेतेपदं सहा. तळ पाच कोनी, कारण तो पाच वेळा एमव्हीपी. नावाची पट्टी सहा कोनी, कारण पुन्हा ती सहा विजेतेपदं. पुतण्या हे सांगताना भारावला होता. मी नव्हतो. मी एमएच ०९ च्या हद्दीत वाढलो आहे. ४१४१ आकडा 'दादा' दिसावा म्हणून गाडीच्या किमतीला लाजवील एवढा खर्च करणारी माणसं मला मामा म्हणतात. आकड्यांचा हा नाद अमेरिकेत आत्ता पोचला, एवढंच.

वस्तादांना आकड्यांत रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच: "मतं कोण देतंय?"

पूर्वी खेळाडूच द्यायचे. १९८०-८१ पासून पत्रकार देतात. हल्ली शंभर जण असतात. प्रत्येकानं पाच नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला १० गुण, मग ७, ५, ३ आणि १. शे गिलजस-अलेक्झांडरला पहिल्या पसंतीची ७१ मतं पडली, निकोला योकिचला २९. म्हणजे शंभरच्या शंभर माणसांनी पहिल्या दोन जागांवर हीच दोन नावं लिहिली. बेरीज ९१३ विरुद्ध ७८७.

"शंभरच?" वस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीतच पाहिलेली आहे. ज्या जिल्ह्यात हजारो ठरावधारकांना सहलीला नेऊन, न्हाऊमाखू घालून, मतदानाच्या सकाळी एकसारख्या टोप्या घालून परत आणायची विद्या अवगत आहे, तिथं शंभर मतदार म्हणजे दोन आरामबस. एक गोव्याला, एक महाबळेश्वरला. फोन काढून घ्यायचे, तांबडा-पांढरा चालू ठेवायचा, निकालाच्या दिवशी थेट केंद्रावर उतरवायचे. योकिचच्या माणसांनी २९ सांभाळले म्हणजे त्यांची मिनीबस भरली होती. दुसरी गाडी ठरवायला ते कमी पडले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी त्या निकालावर बचाव, आक्रमण, संघानं जिंकलेल्या ६८ सामन्यांची रास असलं बरंच लिहिलं. गाडीचा मुद्दा कुणीच मांडला नाही.

विजयानंतर शे गिलजस-अलेक्झांडरनं संघातल्या सोबत्यांना रोलेक्सची घड्याळं वाटली. यावर मात्र वस्ताद प्रसन्न झाले. "पोरगं जाणतं हाय. जोडीच्या पोरांमुळं मेहनत होतीया, हे इसरलं न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "घड्याळापरीस बदाम द्यायचे हुते."

मग ६५ सामन्यांच्या नियमाचा विषय निघाला. मोसमात प्रत्येक संघाचे ८२ सामने. २०२३-२४ पासून नियम आला की त्यातले किमान ६५ खेळल्याशिवाय या पुरस्कारासाठी नाव धरायचं नाही. कारण मोठमोठे खेळाडू तब्येत राखण्यासाठी म्हणून अधूनमधून झकपक कपड्यांत येऊन बाकावर बसायला लागले होते.

"पगार?"

"पूर्ण मिळतो, वस्ताद."

वस्ताद बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. हा नियम तालीम मंडळांच्या पदाधिकाऱ्यांच्या हजेरीला लावला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, याचा हिशेब ते करत असावेत. मी तरी करत होतो.

त्यांचं मन वळावं म्हणून पुतण्यानं जुनी गोष्ट काढली. १९६१-६२ चा मोसम. विल्ट चेंबरलेन नावाचा खेळाडू. सामना ४८ मिनिटांचा आणि हा गडी सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. जादा वेळेत गेलेले सामने धरून, नियमापेक्षाही जास्त. सामन्यामागं सरासरी गुण ५०.४. त्याच मोसमात २ मार्चला हर्शी गावी एका सामन्यात एकट्यानं १०० गुण केले. ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

"मग गदा त्येलाच," वस्ताद म्हणाले.

"नाही मिळाली."

"का रं?"

"बिल रसेलला मिळाली. बॉस्टनचा. त्याचं मुख्य काम समोरच्याला गुण करू न देणं."

इथं मला वाटलं होतं की वस्ताद आता अमेरिकेवर शेवटचा शिक्का मारून उठणार. ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "तवा मतं कुणाची हुती म्हणालास?"

"खेळाडूंची."

"मग बरोबर हाय." वस्तादांनी मांडी बदलली. "बघणाऱ्याला हाणणारा दिसतोय. ज्येच्या अंगावर येतंय त्येला आडवणारा ठावं असतोय. खासबागेत मी बी बघितलंय. टाळ्या धोबीपछाडाला. पर डाव सुटला कसा, पाठ कशी वाचवली, त्ये फकस्त खालचा गडी सांगंल."

मला हे पटलं. आकडेवाल्यांनी पुढं या विषयावर पुस्तकं लिहिली आहेत, पण फुटक्या कानाच्या माणसानं ते चहाच्या एका कपात सांगितलं. अडचण एवढीच की त्या मोसमात तिसरा एक ऑस्कर रॉबर्टसनही होता. गुण, झेल आणि पास या तिन्हींत त्याची मोसमभराची सरासरी दोन आकडी होती. तोपर्यंत असं कुणी केलेलं नव्हतं. तो मतांमध्ये तिसरा आला! हे ऐकून वस्ताद पुन्हा डळमळले.

"म्हणून म्हणतोय, मतदान नको," ते म्हणाले. "पाठ लागली की निकाल. १९१२ ला शाहू महाराजांनी खासबाग बांधलं, तिथं मतपेटी ठेवायची जागाच न्हाई."

इथं खरं तर मी गप्प बसायला हवं होतं, पण वस्तादांना अमेरिकेसमोर एवढं निर्धास्त सोडणंही बरं नव्हतं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ चांदीची गदा मिळते, तिथं मतं मोजत नाहीत, हे खरं. पण पाठ लागली की नाही हे तरी कुणी ठरवायचं? २०२३ च्या जानेवारीत पुण्यात एका डावाचे चार गुण द्यायला हवे होते का, यावर अख्ख्या महाराष्ट्रानं मोबाइलवर तोच डाव मागं-पुढं करून पाहिला. कधी लंगोट न नेसलेली माणसंही त्या आठवड्यात 'खांदा टेकला नव्हता' असं ठणकावून सांगत होती. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पाठ टेकल्याच्या निकालावरून पंचांनाच लाथ बसली. आणि कुस्तीगीरांच्या संघटनांत फूट पडल्यावर २०२३ च्या नोव्हेंबरात एक महाराष्ट्र केसरी फुलगावला झाला, एक धाराशिवला. दोघांनाही हार, दोघांच्याही मिरवणुका.

"त्ये राजकारण हाय," वस्ताद म्हणाले. हे वाक्य महाराष्ट्रात वाद संपवायला वापरतात.

पुतण्याला मात्र यानं भलताच धीर आला. अमेरिकेतही १९६७ ते १९७६ दुसरी लीग होती म्हणे, एबीए नावाची. तिचा वेगळा एमव्हीपी असायचा, आणि १९७५ ला तर तिथं दोघांना विभागून दिला: ज्युलियस अर्व्हिंग आणि जॉर्ज मॅकगिनिस. म्हणजे त्या वर्षी त्या देशात एकूण तीन सर्वोत्तम खेळाडू होते. फुलगाव-धाराशिवपेक्षा एक जास्तच. वस्तादांच्या चेहऱ्यावर प्रथमच अमेरिकेबद्दल आपुलकी दिसली.

एकमत हा प्रकारही तिकडं दुर्मीळ. २००० साली शकील ओनीलला १२१ पैकी १२० मतं पडली. उरलेलं एक ॲलन आयव्हरसनला. ते देणारे सीएनएनचे फ्रेड हिकमन. २०१३ ला लेब्रॉन जेम्सचं तेच झालं. १२१ पैकी १२०, आणि एक मत कार्मेलो अँथनीला. बॉस्टन ग्लोबच्या गॅरी वॉशबर्न यांनी ते दिलं आणि का दिलं तेही छापून सांगितलं. अखेर २०१६ ला स्टीफन करीला १३१ पैकी १३१ मिळाली, तेव्हा एकदाचा पुरस्कार बिनविरोध झाला. साठ वर्षं लागली. आमच्याकडे सोसायटीची निवडणूक बिनविरोध होते ती एका रात्रीत. पण त्या रात्री कोण कुणाच्या दारात गेलं, कुणी कुणाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुढच्या वेळचं उपाध्यक्षपद कुणाला कबूल झालं, हे लिहायला मतपत्रिकेत जागा नसते. २०१९ च्या लोकसभेला गाजलेलं 'आमचं ठरलंय' हे वाक्य इथल्या लोकांना समजावून सांगावं लागलं नाही, ते उगाच नव्हे.

२०१४ पासून एनबीएनं कुणी कुणाला मत दिलं ते जाहीर करायला सुरुवात केली. याला तिकडं पारदर्शकता म्हणतात. कोल्हापुरात हिकमनसाहेबांनी ते एक मत दिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावरच्या भेळवाल्यालाही नाव कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरासमोर ओनील समर्थकांनी फटाक्यांची दहा हजारांची माळ लावली असती. प्रेमानं.

मग मी माझा मुद्दा मांडला. इतका वेळ मी त्याचीच वाट बघत होतो.

आमच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोसम चालतो तेव्हा सामन्यानंतर दोन बक्षिसं असतात. एक सामनावीर. दुसरं 'लढवय्या'. हे दुसरं बहुतेक वेळा हरलेल्या बाजूच्या गड्याला जातं. बाहेरच्यांना यात दयाबुद्धी वाटेल. तसं काही नाही. ज्या गावात संघाचं नाव तालमीचं, तालीम पेठेची आणि पेठेत घरटी एक माजी खेळाडू, तिथं दोन्ही पेठांना आपापल्या घरी नीट पोचवायचं असतं. जिंकलेली पेठ गुलाल उधळत जाते, हरलेली 'पण लढवय्या आमचाच' म्हणत जाते. स्पर्धेअखेर मालिकावीर असतो, त्याच्यावरून वाद होतोच, पण तोवर वाटेत इतक्या जणांना इतकं काही मिळालेलं असतं की रागाची धार बोथट होते. एनबीएकडे सर्वाधिक सुधारणेचं बक्षीस आहे, बदली खेळाडूचं आहे, अटीतटीच्या क्षणी खेळणाऱ्याचंही २०२२-२३ पासून आहे. पण लढवय्या नाही. चेंबरलेनला १९६२ ला लढवय्या दिला असता तर आज इतक्या वर्षांनी एका कोल्हापुरी बोळात त्याच्या अन्यायावर चहा थंड होत बसला नसता.

"हे इंग्रजीत लिहून पाठव त्यास्नी," वस्ताद म्हणाले.

एवढ्यात वहिनी दुसरा चहा घेऊन आल्या आणि मोबाइलवर योकिच घोड्याच्या गाडीत बसलेला त्यांना दिसला. "हा कोण?" पुतण्यानं सांगितलं. सर्बियातल्या सोंबोर गावचा. अमेरिकेत २०१४ ला संघ खेळाडू निवडत होते तेव्हा याचा क्रमांक एक्केचाळिसावा, आणि ते नाव जाहीर झालं त्या वेळी टीव्हीवर खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालू होती. पुढं तो तीनदा एमव्हीपी झाला. २०२२ ला संघाची माणसं करंडक घेऊन थेट त्याच्या तबेल्यात गेली, तेव्हा हा साहेब घोड्याच्या दोनचाकी गाडीवर फेरी मारून येत होता. तिथंच त्याला करंडक दिला. डोळे पाणावले त्याचे. २०२३ ला संघ विजेता झाला, तेव्हा मिरवणूक गुरुवारी आहे असं कळल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला घरी जायचं होतं. रविवारी घोड्यांची शर्यत होती.

वस्तादांनी पहिल्यांदाच मोबाइल हातात घेतला. या गावात दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं पळवतात आणि माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून त्या म्हशींना नावानं ओळखतात. जनावरासाठी मिरवणूक टाळणारा माणूस इथं समजावून सांगावा लागत नाही. "ह्येला आपल्यात आणा," वस्ताद म्हणाले. "फेटा बांधू."

आता प्रश्न उरला तो १९६२ च्या लढवय्याचा. पुतण्या म्हणाला चेंबरलेन. मी रॉबर्टसन म्हटलं, कारण तिसरा आलेल्या माणसाला कुणीच वाली नसतो. वस्ताद म्हणाले दोन्हीही नको, रसेललाच दोन्ही द्या, जो आडवतो त्यो मोठा. आवाज वाढले. समोरच्या घराची खिडकी उघडली. शेवटी वस्तादांनीच हात वर केला.

"मतदान घ्या," ते म्हणाले.

तीन मतदार, तीन उमेदवार, प्रत्येकाला एकेक मत. निर्णायक मत वहिनींकडे गेलं. त्यांनी कपबशा गोळा करता करता योकिचचं नाव घेतलं. पुतण्यानं सांगून पाहिलं की तो १९९५ चा जन्म, १९६२ च्या निवडणुकीत त्याचं नाव कसं घ्यायचं? "असू दे," त्या म्हणाल्या, "कामाच्या जागेवरनं सरळ घरी यायचं म्हणणारा एवढाच दिसला मला." आणि आम्हा तिघांकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर ते मत बाद ठरवायची कुणाची छाती झाली नाही.